नोकरी गेली, आता कोणत्या खिडकीपाशी?

बेंगळुरूच्या आग्नेयेला होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात वसलेल्या वसाहतीला या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच एचएसआर लेआउट हे नाव मिळाले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली ही एकेकाळची निवांत निवासी वस्ती आज नवउद्योगांची राजधानी म्हणून ओळखली जाते. सत्ताविसाव्या मेन रोडवरच्या उपाहारगृहांत शेजारच्या टेबलावर भांडवल उभारणीची बोलणी चाललेली असतात आणि बाहेर फुटपाथवर पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारी डिलिव्हरीची मुले दुचाकीवर बसलेली असतात. होसूर रस्ता ओलांडला की बोम्मनहळ्ळी लागते. तेथे तयार कपड्यांचे कारखाने आहेत, आणि शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. संगणकावर बसणारे अभियंते, दुचाकीवरचे तरुण, शिलाई यंत्रावरच्या स्त्रिया आणि या साऱ्यांच्या इमारती राखणारे सुरक्षारक्षक हे सगळे एकाच बोम्मनहळ्ळी विधानसभा मतदारसंघात आणि एकाच बेंगळुरू दक्षिण लोकसभा मतदारसंघात राहतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाची नोकरी केव्हाही जाऊ शकते. ती गेल्यावर मात्र प्रत्येकाला वेगळ्या खिडकीपाशी जावे लागते, आणि काहींसाठी तर खिडकीच नाही.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे आणि अर्थातच बेळगाव या भागांतून येथे आलेल्या मराठी तरुणांची संख्या लक्षणीय आहे. बेकारी भत्त्याच्या बाबतीत त्यांच्यातील महाराष्ट्रातून आलेल्यांची स्थिती सर्वांत चमत्कारिक म्हणावी लागेल. ज्या राज्यात ते काम करतात त्या राज्याच्या भत्त्याला ते पात्र नाहीत आणि ज्या राज्याचे ते रहिवासी आहेत त्या राज्यात असा भत्ताच नाही.

कर्नाटकात मे 2023 मध्ये सत्तेवर आलेल्या सिद्धरामय्या सरकारच्या पाच हमींपैकी ‘युवानिधी’ ही पाचवी. शक्ती, गृहज्योती, अन्नभाग्य आणि गृहलक्ष्मी या चार हमी पहिल्या काही महिन्यांतच मार्गी लागल्या. युवानिधीची नोंदणी मात्र 26 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि 12 जानेवारी 2024 रोजी, विवेकानंद जयंतीचा मुहूर्त साधून, शिवमोग्ग्यात तिचे वाटप सुरू झाले. पदवीधराला दरमहा 3000 रुपये व पदविकाधारकाला 1500 रुपये, तेही जास्तीत जास्त 2 वर्षे किंवा नोकरी लागेपर्यंत, असे तिचे स्वरूप. म्हणजे पदवीधराच्या पदरात पडू शकणारी कमाल रक्कम 72 हजार रुपये. 2022-23 मध्ये उत्तीर्ण झालेले आणि निकालानंतर 180 दिवस उलटूनही बेकार असलेले तरुण पहिल्या फेरीत पात्र ठरले.

योजनेच्या अटी वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. ही मदत ज्याला नोकरी मिळालीच नाही त्याच्यासाठी आहे, ज्याची नोकरी गेली त्याच्यासाठी नाही. अर्जदाराने कर्नाटकात किमान 6 वर्षे शिक्षण घेतलेले असले पाहिजे, तो पुढे शिकत नसावा, शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन घेत नसावा, सरकारी योजनेतून कर्ज काढून त्याने स्वतःचा व्यवसाय थाटलेला नसावा. एचएसआर लेआउटमध्ये 3 वर्षे काम करून घरी बसलेल्या अभियंत्याला, मग तो धारवाडचा असो की इचलकरंजीचा, या योजनेत जागा नाही. फरक एवढाच की धारवाडच्या तरुणाचा धाकटा भाऊ कदाचित पात्र ठरेल, इचलकरंजीच्या तरुणाचा ठरणार नाही.

पात्र ठरलेल्यांचीही वाट सरळ नव्हती. अर्ज ‘सेवा सिंधू’ या राज्याच्या संकेतस्थळावर, कन्नड किंवा इंग्रजीत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना यातील कानडी परिभाषा कशी वाटत असेल याची कल्पना सीमाभागाशी परिचय असणाऱ्यांना सहज येईल. पदवीची पडताळणी राष्ट्रीय शैक्षणिक संग्रहातून होते. म्हणजे विद्यापीठाने पदवी तेथे वेळेवर चढवली नसेल तर विद्यार्थ्याच्या हातात कागदी प्रमाणपत्र असूनही संगणकाच्या लेखी तो पदवीधर नसतो. त्यावर कळस म्हणजे आपण अजून बेकार आहोत, असे स्वयंघोषणापत्र आरंभी दर महिन्याच्या 25 तारखेपर्यंत द्यावे लागे. तारीख चुकली की त्या महिन्याचा हप्ता अडकला. खोटी घोषणा करणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या माणसाकडे इंटरनेटचे रिचार्ज करायलाही पैसे नसतील त्याला दर महिन्याला आपली बेकारी नव्याने सिद्ध करायला लावणे ही प्रशासनाच्या सोयीची व्यवस्था आहे. सुरुवातीची नोंदणी सरकारच्याच अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली यात म्हणूनच नवल नाही. 2024-25 च्या अर्थसंकल्पात पाचही हमींसाठी मिळून सुमारे 52 हजार कोटींची तरतूद होती. त्यातला सिंहाचा वाटा गृहलक्ष्मीचा होता आणि युवानिधीच्या वाट्याला त्यातला अगदी लहान तुकडा आला. राजकीयदृष्ट्याही ते स्वाभाविक होते. गृहिणी हा संघटित मतदार बनू शकतो, बेकार पदवीधर ही अवस्था तात्पुरती असते आणि ती कबूल करायला कोणालाच आवडत नाही.

दुसरी खिडकी केंद्राची. ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईएसआय’च्या शाखा कार्यालयात उघडते. येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात दोन मराठी नावे आहेत. ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल डिसेंबर 1942 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाळण्यापासून सरणापर्यंतच्या सामाजिक सुरक्षेची चर्चा जगभर सुरू झाली. त्या सुमारास व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले आणि त्यांनी 1944 मध्ये अहवाल दिला. त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. पण आडारकरांना विचारलेला प्रश्न आजारपणाचा होता, बेकारीचा नव्हता. ब्रिटनने 1911 च्या कायद्यातच काही मोजक्या उद्योगांपुरता बेकारी विमा आणला होता. आपण आजारपण, बाळंतपण, अपघात आणि मृत्यू यांचा विमा केला आणि बेकारी वगळली. कायद्यातील लाभांच्या यादीत ती 1948 साली नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या संबंधित प्रकरणातही ती नाही.

मग ईएसआयकडून बेकारांना जे मिळते ते काय आहे? ती योजना आहे, कायद्याने दिलेला लाभ नव्हे. हा भेद तांत्रिक वाटेल, पण सारे दुखणे त्यातच आहे. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात, 1 एप्रिल 2005 पासून, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडल्यास, कपात झाल्यास किंवा कामाबाहेरील दुखापतीने कायमचे अपंगत्व आल्यास काही महिने निम्म्या वेतनाइतका भत्ता. सुरुवातीला त्यासाठी 5 वर्षांच्या वर्गणीची अट होती, ती पुढे सैल करण्यात आली आणि भत्त्याची मुदतही वाढली. त्यानंतर राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या काळात, 1 जुलै 2018 पासून, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली. दोन सरकारे, दोन नेत्यांची नावे, पण दोघांनीही कायद्याच्या कलमाला हात लावला नाही.

अटल योजनेत मदत जास्तीत जास्त 90 दिवसांची आणि तीही आयुष्यात एकदाच. दर सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के. नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबायचे, मग शेवटच्या मालकामार्फत दावा करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. ज्या मालकाने काढून टाकले त्याच्याच दारात दाव्यासाठी जायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याने कारखान्याचे फाटक कधी पाहिले नसावे. कोरोनाच्या टाळेबंदीने ही विसंगती उघडी पाडली. तेव्हा महामंडळाने 24 मार्च 2020 पासूनच्या बेकारीसाठी दर 50 टक्के केला, प्रतीक्षेचा काळ 90 वरून 30 दिवसांवर आणला, वर्गणीच्या अटी शिथिल केल्या आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात दावा करण्याची मुभा दिली. प्रतिज्ञापत्राची अट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढून टाकण्यात आली. कोट्यवधी माणसांचा रोजगार ज्या वर्षी बुडाला त्या वर्षी या योजनेचा लाभ घेणाऱ्यांची संख्या लाखापर्यंतही पोहोचली नाही. त्यानंतर ही योजना मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालत आली आहे. कामगाराची वर्गणी मात्र दर महिन्याला, कोणत्याही मुदतवाढीविना, वेतनातून कापली जाते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एचएसआर लेआउटमधील एखाद्या इमारतीवरच्या सुरक्षारक्षकाचे वेतन 16 हजार रुपये धरू. जुलै 2019 पासूनच्या दरांनुसार त्याच्या वेतनातून पाऊण टक्का, म्हणजे 120 रुपये, आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, म्हणजे 520 रुपये, असे दरमहा 640 रुपये त्याच्या नावे जमा होतात. नोकरी गेल्यास 50 टक्के दराने 3 महिन्यांचे त्याला सुमारे 24 हजार रुपये मिळतील. जवळपास 3 वर्षांच्या एकूण वर्गणीइतकीच ही रक्कम आहे आणि ती हयातीत पुन्हा मिळणार नाही. अर्थात या वर्गणीत कुटुंबाचे औषधपाणीही येते, हे विसरता कामा नये.

मात्र ही रक्कम हाती पडण्याआधी तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिले ठिकाण म्हणजे नोकरी सुटण्याचे कारण. ते मालक संगणकावर नोंदवतो. गैरवर्तनाबद्दल काढलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, टाळेबंदीत अडकलेला कामगार अपात्र असतो. ठेकेदाराने ‘नोकरी सोडली’ असा साधा शेरा मारला की कामगाराला आपण सोडली नाही, काढले गेलो, हे सिद्ध करावे लागते आणि त्याचा पुरावा असतो ठेकेदाराच्याच कपाटात. नवउद्योगांमध्ये तर राजीनामा लिहून घेण्याची पद्धत आहेच. ‘राजीनामा दिलास तर अनुभवाचा दाखला चांगला देऊ’ या सौम्य वाक्यापुढे भलेभले सही करतात आणि एका सहीने कपातीची भरपाई व भत्ता दोन्हींवर पाणी सोडतात. दुसरे ठिकाण म्हणजे वर्गणी. कापलेली रक्कम ठेकेदाराने भरलीच नसेल, किंवा मधल्या सहामाहीत 78 दिवस भरत नसतील, तर दावा तेथेच थांबतो. ठेका बदलला की रक्षक तोच, इमारत तीच, पण कागदोपत्री सेवा नव्याने सुरू, असेही घडते. तिसरे ठिकाण म्हणजे नाव. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे, विम्याच्या ओळखपत्रावर तिसरे. वडिलांचे नाव मधे लिहिणारी मराठी पद्धत आणि आद्याक्षर मागे-पुढे लावणारी दक्षिणी पद्धत यांच्या संघर्षात अनेक दावे अकारण परत येतात.

अभियंत्यांचे काय? ईएसआयची वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 रोजी 15 हजारांवरून 21 हजारांवर नेण्यात आली आणि पुढील आठ-नऊ वर्षे तेथेच राहिली. संगणक क्षेत्रातील बहुतेक पगार तिच्या वर आहेत, त्यामुळे ही खिडकी त्यांना बंद. कर्नाटकाने या क्षेत्राला स्थायी आदेशांच्या कायद्यातून वर्षानुवर्षे सूट दिली होती. 2017 मध्ये स्थापन झालेली ‘किटू’ ही संगणक कर्मचाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध झगडत आली आहे. आपण कामगार आहोत हेच मान्य नसलेल्या वर्गाला संघटित करणे सोपे नाही. येथील अनेक घरांतील भावंडे अमेरिकेत आहेत. तेथे 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून राज्याराज्यांत बेकारी विमा चालतो. पण एच-1बी व्हिसावरच्या मराठी माणसाला त्याचाही फारसा उपयोग होत नाही. नोकरी गेल्यावर 60 दिवसांत नवा मालक शोधायचा किंवा परतायचे, आणि दुसरे काम धरण्यास तो कायद्याने मोकळा नसल्याने भत्त्याचा दावा बहुधा फेटाळला जातो. 2022-23 च्या कपातीच्या लाटेत अनेक कुटुंबांना याचा अनुभव आला.

डिलिव्हरीच्या मुलांसाठी कर्नाटकाने 2025 मध्ये स्वतंत्र कायदा केला. व्यवहारामागे कंपन्यांकडून 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क आणि काम बंद करण्यापूर्वी 14 दिवसांची लेखी सूचना या त्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत. केंद्राच्या संहितेतही या वर्गाची दखल आहे, तेथे अपघात, आरोग्य, प्रसूती, वार्धक्य असे लाभ मोजून दिले आहेत. बेकारी तेथेही नाही.

उरतो भविष्य निर्वाह निधी. भारतातील नोकरदाराचा खरा बेकारी विमा हाच आहे आणि तो त्याच्या स्वतःच्याच पैशांचा आहे. दिल्लीतील धोरणकर्त्यांना हे समजून घ्यायचे असेल तर त्यांनी 18 आणि 19 एप्रिल 2016 हे दोन दिवस आठवावेत. फेब्रुवारीत केंद्राने अधिसूचना काढून निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असे ठरवले होते. निवृत्तीसाठी पैसा उरावा, हा हेतू कागदावर निर्दोष होता. पण तयार कपड्यांच्या कारखान्यात 58 व्या वर्षापर्यंत काम करणारी स्त्री दुर्मीळ. डोळे, पाठ आणि सुपरवायझरचा कोटा यांनी ती त्याआधीच थकते. काम सुटले की निधी काढायचा, त्यात मुलीचे लग्न, गावच्या घराचे पत्रे किंवा पुढचे काम मिळेपर्यंतचे 4 महिने निभावायचे, हा तिचा हिशेब होता. कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेने हाक दिलेली नसताना बोम्मनहळ्ळीच्या कारखान्यांतून हजारो स्त्रिया होसूर रस्त्यावर उतरल्या आणि शहराचा हा कणा असलेला रस्ता ठप्प झाला. दुसऱ्या दिवशी आंदोलनाला हिंसक वळण लागले, लाठीमार झाला. त्याच दिवशी, 19 एप्रिलला, तेव्हाचे कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतली. अधिवेशनातील चर्चांनी जे साधत नाही ते शिलाई यंत्रावरच्या स्त्रियांनी दोन दिवसांत साधले.

त्यानंतर 2018 च्या अखेरीस एक महिना बेकार राहिल्यास 75 टक्के व दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढण्याची सोय झाली. 2020 पासून सेवा सुटल्याची तारीख, मालकाने नोंदवली नाही तर, दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः नोंदवता येऊ लागली. ही सुधारणा लहान दिसते, पण मालकाच्या मर्जीतून दावेदाराला सोडवणारी म्हणून ती मोलाची आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पुन्हा फेरबदल ठरवला. 75 टक्के रक्कम लगेच मिळेल, उरलेल्या चतुर्थांशासाठी मात्र 2 ऐवजी 12 महिने थांबावे लागेल. अर्थ असा की सुरुवातीचे दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आणि शेवटचे दार लांब गेले. सरकारचे समर्थन 2016 सारखेच होते, म्हातारपणासाठी काही तरी उरले पाहिजे. या वेळी कोणी रस्त्यावर आले नाही. 58 वर्षे आणि 12 महिने यांतील अंतर सरकारला कळले, असाही याचा अर्थ लावता येईल.

राज्यघटनेच्या 41 व्या कलमाने बेकारीत सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख केला आहे, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांसह. सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीच्या 23 व्या नोंदीत सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी हे विषय एकत्र आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. दोघांनाही अधिकार असल्याने दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. बेकारी भत्त्याचा प्रश्न संसदेत वारंवार विचारला जातो. उत्तरात रोजगारनिर्मितीच्या योजनांची यादी येते, स्वतंत्र भत्त्याचा प्रस्ताव नसल्याचे सांगितले जाते आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो.

याला अपवाद महाराष्ट्राचा होता आणि तो आपण विसरत चाललो आहोत. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे रूप दिले आणि काम न दिल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारवर घातले. रक्कम तेव्हाही तुटपुंजी होती, पण ती मागण्याचा हक्क होता. त्यासाठी पैसा कोठून आला? 1975 पासून शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर बसवलेल्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारने घालून. केंद्राच्या 2005 च्या ग्रामीण रोजगार कायद्याने हे तत्त्व देशभर नेले. 15 दिवसांत काम न मिळाल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या चौथ्या हिश्शाइतका आणि नंतर निम्म्याइतका भत्ता त्यात होता. पण तो राज्याच्या तिजोरीतून द्यायचा असल्याने मजुराच्या मागणीची दिनांकित पावती देण्याची टाळाटाळ सर्वत्र झाली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात 100 दिवसांचे 125 झाले, शहरे मात्र पुन्हा बाहेरच राहिली. खुद्द महाराष्ट्राने 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला 6 हजारांपासून पदवीधराला 10 हजारांपर्यंत विद्यावेतन मिळाले. आधी 6 आणि नंतर 11 महिन्यांची मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर आले, कारण पुढे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते.

व्यवसाय कर कर्नाटकही 1976 च्या कायद्याने घेते. घटनेच्या 276 व्या कलमानुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये आहे. एचएसआर लेआउटमधील अभियंता दर महिन्याच्या पगारातून तो भरतो, मग तो कर्नाटकचा असो वा महाराष्ट्राचा. हा कर घेताना कोणी त्याला 6 वर्षांच्या शिक्षणाचा दाखला विचारत नाही.